तीन तास हजर असलेली गैरहजर बाई

"त्या गैरहजर होत्या, मॅडम. आमच्या रेकॉर्डला तसंच आहे."

परीक्षा नियंत्रकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विषय संपला असं सांगायची ही त्यांची पद्धत. माझ्या लॅपटॉपवर त्याच बाईंचा निकाल उघडा होता. शंभरपैकी एकाहत्तर. गैरहजर बाईंना एकाहत्तर मार्क कसे पडले, असं मी विचारलं.

"मार्क त्या दुसऱ्या विद्यापीठाने दिलेत. हजेरी आमची. हजेरीपटावर सही नाही."

"सर, परीक्षा ऑनलाइन होती. सही कशावर करणार, स्क्रीनवर?"

"ते तुमच्या नेटवर्कने बघायचं."

हे नेटवर्क म्हणजे काय, ते सांगते. पाच जुनी विद्यापीठं एकत्र आली. एकीकडच्या विद्यार्थ्याने दुसरीकडचा विषय घरी बसून ऑनलाइन शिकायचा, आणि त्याचे क्रेडिट आपल्या पदवीत जमा व्हायचे. क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल पदवीत धरलं जाणारं वजन. या पाचांना जोडायचं काम माझं. भूगावच्या पुढे एका इमारतीत दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. उद्घाटनाला पाचही कुलगुरू आले होते. त्यानंतर त्यांच्यापैकी कोणी आमचा जिना चढलेलं मला आठवत नाही.

ज्यांना गैरहजर ठरवलं त्या पार्वतीबाई मुळशी धरणापलीकडच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहेत. लग्नानंतर बारा वर्षांनी बी.ए.ला बसल्या. बालपोषण हा विषय त्यांच्या, म्हणजे या नियंत्रकांच्या, विद्यापीठात नव्हता, म्हणून आमच्यामार्फत दुसऱ्या विद्यापीठाचा घेतला. सेविकेची पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते. भरतीची लेखी परीक्षा त्या पास झाल्या होत्या. कागदपत्रांची तपासणी महिनाअखेरीला होती. एका विषयात गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे पदवी नाही.

त्या एसटीने ऑफिसला आल्या तेव्हा मी त्यांना बसा म्हणायच्या आतच बोलायला लागल्या.

"मॅडम, मी न्हवतेच म्हंत्यात. आवं, वाडीत रेंज न्हाई. वर पठारावर गेले, दोन पॉवर बँक घिऊन. तीन तास खडकावर बसले. कॅमेरा चालू हाय म्हणून पान्याची बाटली बी उचलली न्हाई. आन् हे म्हंत्यात गैरहजर!"

मी म्हटलं, आठवड्यात करून देते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही असं बोलायला मी कशी धजावले, देव जाणे.

पहिलं पत्र पाठवलं. उत्तर आलं, योग्य मार्गाने पाठवा. योग्य मार्गाने पाठवलं. उत्तर आलं, समकक्षता समितीपुढे ठेवू. दुसरीकडचा अभ्यास आपल्याइतकाच आहे का, हे ठरवणारी ही समिती. अभ्यासाबद्दल कोणाची तक्रारच नव्हती, पण फाइल तिकडे गेली. मी फोन करत राहिले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच बाहेर पडले.

मग एक दिवस नियंत्रकांचा स्वतःहून फोन आला. आवाज एकदम गोड.

"मॅडम, एवढं कशाला ताणताय? कोरा हजेरीपट पाठवतो. बाईंची सही घ्या, परीक्षेची तारीख टाका. संपलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरी हजेरी यांना चालत नव्हती, खोटी सही चालत होती! पण खरं सांगते, कागद आला तो मी ठेवून घेतला. तपासणीला नऊ दिवस उरले होते. पार्वतीबाईंना बोलावून मी पेन पुढे केलं.

त्यांनी कागद सावकाश वाचला.

"हितं हॉल क्रमांक चार लिव्हलंय. मी हॉलात कुटं व्हते?"

"नावापुरतं आहे ते. सगळे करतात."

"मॅडम, पर्यवेक्षिका झाल्यावर माजं काम काय, ठाव हाय का? सेविकांचं हजेरीबुक तपासायचं. आन् मी सोता खोटी सही करून जाऊ व्हय?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मला लाज वाटली. तो कागद मी त्यांच्यासमोरच फाडला.

त्या दुपारी मी पाच विद्यापीठांचा करार काढला. ऑनलाइन परीक्षेला कागदी हजेरी लागेल, हा शहाणपणा कुणाचा, ते मला बघायचं होतं. कलम सापडलं. 'परीक्षेची नोंद विद्यार्थ्याच्या मूळ विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे राहील.' म्हणजे नियंत्रकांचा कागदी हजेरीपट. ते मीच टाइप केलं होतं. कराराच्या बैठकीत पाच कुलसचिव दीड तास त्यावर भांडत होते, शेजारच्या खोलीत जेवण गार होत होतं. कोणालाच दुखवायला नको म्हणून मी हे वाक्य घातलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आम्ही जेवायला उठलो. त्या दिवशीचं श्रीखंड मला आठवतं. 'ऑनलाइन परीक्षा वगळून' हे तीन शब्द घालायचं मात्र सुचलं नव्हतं. नियंत्रकांवर मी चिडलेली होतेच, आता स्वतःवरही चिडले.

समितीची बैठक तपासणीच्या तीन दिवस आधी लागली. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. ऑनलाइन परीक्षेत विद्यार्थ्यावर कॅमेऱ्यातून नजर ठेवतात, त्याला प्रॉक्टरिंग म्हणतात. त्याचं रेकॉर्डिंग राहतं.

"हजेरीचा प्रश्न आहे ना? बघू या," म्हटलं आणि सुरू केलं.

पडद्यावर पार्वतीबाई. डोक्यावर पदर, मागे मोकळं पठार, वाऱ्याचा आवाज. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागून एक शेळी आली, बाईंच्या खांद्याशी तोंड घालून गेली. बाईंनी मान वळवली नाही.

"मॅडम, जरा पुढे घ्या," नियंत्रक म्हणाले.

"नको सर. मध्येच उठून गेल्या असल्या तर?"

चहा आला. एक सदस्य फोन घ्यायला बाहेर गेले. नियंत्रक दोनदा बाहेर जाऊन आले. पाऊण तास मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

"सर, तुम्ही दोनदा बाहेर गेलात. त्या अजून बसल्यात. आता गैरहजर कोण, ते तुम्हीच लिहा."

नियंत्रकांनी फाइल ओढली आणि सही केली. 'विशेष बाब म्हणून मान्य. हा पायंडा समजू नये.'

जिंकले, असं मला वाटलं. मग कळलं की सुधारित मार्कशीट छापायला आठ कामाचे दिवस लागतात. मी आरडाओरडा केला, कुलसचिवांच्या केबिनबाहेर बसून राहिले. समितीच्या निर्णयाचं पत्र मिळालं, तेवढंच. तपासणीच्या टेबलावर ते चाललं नाही. त्यांना मार्कशीटच हवी होती. पार्वतीबाईंची जागा यादीतल्या पुढच्या बाईंना गेली.

मार्कशीट आल्यावर मी फोन केला.

"मॅडम, माजी पदवी झाली न्हवं? पुडच्या भरतीला बगू. पर तुमचा त्यो करार आदी बदला. वाडीतल्या अजून दोघी त्योच विषय घेत्यात. त्यांना बी वर पठारावरच बसायचं हाय."

ते कलम बदलायला पाच विद्यापीठांच्या सह्या लागतात. चार झाल्या. पाचवी याच नियंत्रकांच्या विद्यापीठाची राहिली आहे. मी शिकले ते एवढंच, की भुकेच्या वेळी कलम लिहू नये. उद्या सकाळी दहाला मी तिथे जाऊन बसणार आहे, आणि डबा बरोबर नेणार आहे.