ओटी भरली ती पाणथरीची

काल शेजारच्या सुनेची ओटी भरली. हिरव्या बांगड्यांचा आवाज भिंतीपलीकडून आला आणि मला माझी बायको सरू आठवली.

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. सरूची पाळी थांबली, पोट वाढलं, म्हणून माझ्या आईने आमच्या पहूर गावातल्या बाया बोलावून तिची ओटी भरली. रोज संध्याकाळी ताप यायचा, तो आम्ही डोहाळ्यांवर ढकलला. ती इतकी वाळली की ओटीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. तेव्हा कुठे जळगावला नेलं.

डॉक्टरने तिच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबत बेंबीपर्यंत नेली, मानेच्या गाठी चाचपल्या आणि सांगितलं, "हे मूल नाही. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. हिवतापाची नव्हे, क्षयाची."

माझ्या तोंडून निघालं, "मंग गावमा लोकेसले काय सांगानं?"

सरू पोटावर लुगडं ओढत हळूच म्हणाली, "आधी मी जगसू का, ते त इचारा."

परक्या माणसासमोर बायको बोलली, याचाच मला राग आला. परत येताना गाडीत मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

होळीच्या आत ती गेली. तिने सांगितलेलं मी डॉक्टरला विचारलंच नव्हतं.