चांदणीगुरुजी

गुरुजींचे डोळे घारे होते. डिंगोऱ्यात त्यांच्या भावकीत तसे दुसऱ्या कुणाचेच नव्हते. आणि त्यांना शब्दाच्या आधी चांदणी काढायची सवय होती. जो शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही, पण त्याच्यापासून निघालेल्या नातवंड-शब्दांवरून तो होता हे ओळखता येतं, त्याला विद्वान अशी खूण करतात. म्हणून गाव त्यांना चांदणीगुरुजी म्हणे.

त्यांचा लाडका शब्द '*बगातुर'. जुन्या मंगोल भाषेतला पूर्वज-शब्द. मंगोलांनी तो तुर्कांकडून उचलला का, यावर विद्वानांचं भांडण आहे. त्याचा वंश म्हणजे मंगोल 'बातर', रशियन 'बोगातिर' आणि फारसीतून आलेला आपला 'बहाद्दर'. मी त्यांचा विद्यार्थी. एकदा ही यादी म्हणताना मराठी 'बहाद्दर'च विसरलो. गुरुजी म्हणाले, "राव, जगाची पोरं मोजली आन् घरातलं राहिलं व्हय?"

बेल्ह्याच्या बाजारात एकाने बैलाचं नाव बहाद्दर सांगितलं. गुरुजी म्हणाले, "लई लांबून आलाय."

"लांबून कुठला भाऊ? घरच्या गाईचा हाय!"

"बैल न्हाई ओ, नाव."

पुढे एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या फलकावर तेच विशेषण होतं. गुरुजींनी भाषणात पुढारी आणि बैल यांची भाऊबंदकी सप्रमाण सिद्ध केली. त्यानंतर त्यांना कुणी माईक दिला नाही.

ही विद्या कशासाठी, हे मला उशिरा कळलं. त्यांची आई बाळंतपणातच गेली. फोटो नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पेठचं आजोळ तुटलं. सत्तरी उलटल्यावर एक दिवस म्हणाले, "गाडी काढ. आईचं तोंड बघायचंय."

पेठला ओसरीवर बसून ते एकेकाकडे टक लावून पाहू लागले. मामेबहीण हसली, "दादा, तोंडाला काय लागलंय का माझ्या?"

"हनुवटी. तुझी, भावाची आन् नातीची एकच हाय. म्हंजी जुनी. आईचीबी हीच आसनार."

नंतर आम्ही तीनदा गेलो. कपाळ जुळलं, नाक जुळलं. डोळे मात्र प्रत्येकाचे वेगळे. परतताना गुरुजी एकदा म्हणाले, "डोळ्यांबिगर तोंड कसलं?"

यंदा ते गेले. त्यांची शब्दांची वही माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर '*आई'. हनुवटी, कपाळ, नाक. प्रत्येकापुढे पेठच्या माणसांची नावं. 'डोळे' पुढे कोरी जागा.

यादी मी दोनदा वाचली; गुरुजींचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. घरातलं राहिलं होतं.

पेन काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: घारे.