दौंडला गाडी तोंड फिरवते

थोरल्या बहिणीच्या पाठवणीला मी रुसून आतल्या खोलीत बसले होते. ती गेली की घरात आबा आणि मीच उरणार होतो, आणि आबा दिवसाकाठी चार शब्द बोलायचे. झालंही तसंच. पन्नास सालानंतरची ती दोन-तीन वर्षं मी बारामतीत भिंतींशी बोलून काढली.

मग तिचं पत्र आलं. मेहुण्यांची झाशीहून पार बेळगावला बदली झाली होती. ‘गाडी दौंडला थांबते. तू ये, बाळ बघ. इंजिनाला लागून बायकांचा डबा, त्यामागं तिसऱ्या वर्गाचे, मग दुसरा, पहिला, आणि शेवटी टपालाचा. चुकू नकोस.’

चुकायला मी काय कुकुलं बाळ होते? ओळ पाठ केली. बाळाला खणाची कुंची शिवली. एकदा तिला भेटून तो रुसवा संपवायचा होता मला.

आबा म्हणाले, “जा तू. मला न्हाय झेपायचं.”

आमची बारामतीची छोटी गाडी, डबे मोजून चार, त्या दिवशी वाटेत रेंगाळली. दौंडला पोचले तेव्हा मोठी गाडी फलाटावर उभीच होती. पुण्याच्या अंगाला इंजिन वाफ सोडत होतं. मी कुंची घेऊन तिकडं धावत सुटले. इंजिनाला लागून होता टपालाचा डबा.

“बायकांचा डबा कुठंय?” मी हमालावरच खेकसले.

“त्यो पार त्या टोकाला हाय. मनमाडकडनं आलेली गाडी हितं तोंड फिरवती, बाई. इंजिन त्या अंगाचं सोडून ह्या अंगाला जोडत्यात.”

तेवढ्यात शिट्टी झाली. मी कुंची धरून तिथंच उभी राहिले. टपालाचा गेला, पहिला, दुसरा, तिसऱ्या वर्गाचे गेले. पाठ केलेली ओळ उलटी निघून गेली. शेवटच्या डब्याच्या खिडकीत ती होती. बोडक्या डोक्याचं बाळ गजांशी धरून ती मला हाक मारत होती. मी कुंची पुढं केली, तोवर गाडीनं वेग घेतला होता.

आठवड्यानं तिचं पत्र आलं. ‘इतकी लांब उभी राहिलीस. हाक मारली तरी हलली नाहीस. अजून राग गेला नाही का गं?’

घरातली शहाणी मी. इंजिनानं फसवलं, हे लिहायची लाज वाटली. मी लिहिलं, ‘नाही गेला.’ लिहून झाल्यावर खूप रडले, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. तरी कार्ड पेटीत टाकलं.

पुढं वर्षभर पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढं जायचा.