शॅली नव्हे, शालूआत्या

शालूआत्या रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर तिने तीस वर्षं टायपिंग केलं. खरेदीखतं, करारनामे, प्रतिज्ञापत्रं. आरडाओरडा करणाऱ्या वकिलाला ती इतक्या हळू विचारी, "तुम्ही टाइप करता, की मी करू?" की तो मुकाट्याने बाकावर जाऊन बसे.

जॅझचा नाद तिला माझ्या वडिलांनी लावला. ते बोटीवर होते. सुट्टीला रत्नागिरीतल्या मांडवीच्या घरी येताना रेकॉर्डी आणत. आत्या त्यातले शब्द ऐकून टाइप करी आणि माशांना मीठमसाला लावता लावता गाई. गावाने तिची थट्टाच केली. बारशाला, मुंजीला कोणीतरी म्हणेच, "शालू, इंग्लिश पुरे, आता एखादं भावगीत होऊ दे." ती म्हणे, "भावच आहे यात. तुम्हाला भाषा अडते, त्याला मी काय करू?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा वडिलांच्या बोटीवर पियानो वाजवणारे एक गृहस्थ आमच्याकडे उतरले. त्यांनी तिला ऐकलं आणि रेकॉर्डिंगचा हट्टच धरला: जुनी, नावाजलेली आठ गाणी, साथीला फक्त पियानो, बास आणि ड्रम. मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी राजी झाली. करारनामा आला तेव्हा आत्या वाचायला चष्मा शोधत होती. मी म्हणालो, "कर गं सही. सगळ्यांचे करार सारखेच असतात." मी नुकता नोकरीला लागलो होतो आणि मला सगळंच कळत होतं. तिने सही केली.

स्टुडिओत मी बरोबर होतो. एका गाण्यात पियानोची सुरावट संपली तरी ती गप्प. ड्रमवाल्याने घाबरून मान वर केली, तेव्हा कुठे तिने शब्द उचलला. नंतर त्याने विचारलं, "बाई, उशीर झाला का?" ती म्हणाली, "उशीर नाही. मी येणारच होते." ते गाणं पुन्हा घ्यावं लागलं नाही.

चार महिन्यांनी पार्सल आलं. सीडीच्या कव्हरवर लाल झग्यातली विशीतली कोणी मुलगी होती. खाली नाव होतं 'शॅली'. आत्या तेव्हा चोपन्न वर्षांची होती. बराच वेळ बघून तिने विचारलं, "ही कोण?" मला नीट ऐकूही आलं नाही.

तिने कंपनीत फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, लोक आधी चेहरा घेतात, मग गाणं. आणि करारात नाव-फोटोचा अधिकार आमच्याकडे आहे. तुम्ही सही केलीय."

"आवाज तर तुझाच आहे ना," मी समजूत घालायला गेलो.

"जन्मभर लोकांचे करार टाइप केले," ती म्हणाली, "आणि माझा मी वाचला नाही. तुझं ऐकलं मेल्या." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. फोनवरच्या त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण त्याचं काम मीच सोपं करून दिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिने स्वतःच एका शाळेचा हॉल गाण्यासाठी भाड्याने घेतला. तिथे जुना पियानो होता. तिघे वादक आपणहून रेल्वेने आले. चाळीसेक माणसं जमली, निम्मी गंमत बघायला. सुती साडीतली आत्या चष्मा सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "चेहरा हा आहे. आता ऐका." आठही गाणी ती सलग गायली. भावगीताची फर्माईश कोणी केली नाही.

वादकांना स्टेशनवर सोडायला मीही गेलो. गाडी सुटल्यावर ती प्रथमच माझ्याकडे वळली. "सही करायला तू सांगितलंस. हे मी विसरायची नाही. चल, घरी जेवायला."

मी गेलो. पुढे ती सहा वर्षं जगली. दर रविवारी तिने मला जेवायला वाढलं आणि ती सही एकदाही विसरली नाही.