सेवकने न वाचलेली ओळ

सन दोन हजार चोवीस. वर्कशॉपमधला माझा सोबती सेवक एकसष्ट वर्षांचा होता, माझ्याहून बराच लहान, म्हणजे आधी जायचा नंबर माझा होता. एका सकाळी गोंदियातल्या आमच्या वर्कशॉपचं शटर वर करून राहिलो होतो, तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा उठूनच नाही राहिले..." मी म्हटलं, चष्मा घेऊन पाठव त्याला, काम अडलं आहे. बोलून गेल्यावर कळलं ती काय सांगते ते.

आदल्या संध्याकाळी तो माझ्यासमोर बसला होता. तिरोड्याच्या एका टेस्टिंगवाल्याचं काम आलं होतं. किती जोर लावल्यावर बोल्ट आडवा कापला जातो, ते तपासायचा साचा. तीन जाड पट्ट्या, तिन्हींतून एक भोक, भोकात बोल्ट. मधली पट्टी मशीन ओढते, बाजूच्या दोन धरून ठेवतात. दिसायला साधं. पण भोक ढिलं झालं तर बोल्ट कापायच्या आधी वाकतो आणि मशीनवर आकडा खोटा येतो. घट्ट झालं तर बोल्ट शिरतच नाही. त्यात पट्ट्या भट्टीत कडक केल्या की भोकाचं माप जरासं हलतं. म्हणून ड्रॉइंगवरचं माप भट्टीआधीचं की नंतरचं, हे पहिलं ठरवावं लागतं. आकडे मला वाचता येतात. लेथवर माझा हात बसलेला आहे, त्याचा गर्व आहे आणि राहील. आकड्याखालची इंग्रजी ओळ मात्र सेवक वाचायचा. त्या संध्याकाळी त्याने कागद जवळ नेला, लांब नेला. "चष्मा घरी राहिला जी भाऊ. उद्या सांगतो. तवरी भोकाले हात नोका लावजा." मी म्हटलं, "चष्मा कायचा, तू डोकंच घरी ठेवून येऊन राहिला." तो हसला... तेच शेवटचं.

काम देणारी पार्टी समोर उभी असली की तो ड्रॉइंग माझ्याकडे सरकवायचा आणि स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायचा, "म्हणजे हे माप भट्टीनंतरचं, नाई का जी भाऊ?" मी चिडल्यासारखं करायचो, "मंग मले दिसून नाही राहिलं का?" माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची इज्जत त्याने अशी सांभाळली, आणि आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

तो गेल्यावर मी रोज त्या कागदापुढे उभा राहायचो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वाचून दिलं असतं. गेलो नाही. पार्टीचा फोन आला की म्हणायचो, होऊन राहिलं. लेथ सुरू करायचो, बंद करायचो. अंदाजाने भोक पाडून मोकळं व्हावं, असंही मनात आलं... पण चुकलं तर कमजोर बोल्ट पास होईल, आणि तो कोणाच्या डोक्यावरच्या लोखंडात बसेल, काय सांगावं.

तेरवीला सेवकची बायको मला वाढायला आली. म्हणाली, "हे घरी म्हणत, ड्रॉइंग भाऊच पाहतात, मी नुसता हो म्हणतो. तुमचं काही अडून नाही राहिलं ना जी?" घरातसुद्धा सांगितलं नव्हतं त्याने. मला काय येत नाही, हे जाणणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्या तेरवीला मी त्याच्या बायकोला म्हटलं, "नाही, काही अडलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तिरोड्याला गेलो. टेस्टिंगच्या खोलीत बरीच माणसं होती, काही जुन्या ओळखीची. मी टेबलावर ड्रॉइंग पसरलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथल्या इंजिनिअर मुलीला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, मले इंग्रजी वाचता येत नाही. वाचून सांग." ती म्हणाली, "म्हणजे हे माप भट्टीनंतरचं आहे, काका." मी म्हटलं, "आणखी एकदा म्हण."