शहाबादी फरशीच्या जागी

श्रीदेवीताई बिराजदार आणि मी एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. सोलापुरातल्या बांधकामांवर देखरेख करायचं आमचं काम. करारात लिहिलेलाच माल साइटवर येतोय ना, आणि ठेकेदाराला त्याच्या जागी दुसरं काही वापरायचं असेल तर ते चालेल का, हे ताई बघतात. नोकरीला लागल्यावर त्यांनी परत पाठवलेला पहिला ट्रक संगप्पांचा होता.

संगप्पा दुधनीचे, शहाबादी फरशीचे व्यापारी. फरशी ठरल्यापेक्षा पातळ निघाली म्हणून ताईंनी सगळा माल नाकारला. संगप्पा वाद न घालता ट्रक घेऊन गेले आणि स्वतः खाणीवर उभं राहून निवडलेला माल घेऊन आले. मग काही काम नसतानाही ते साइटवर दिसू लागले. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. "माझा माल नाकारला हिनं, मला काही नाकारता आलं नाही हिला," असं ते आमच्यासमोरही म्हणायचे, आणि ताई कानडीत काहीतरी पुटपुटून त्यांना गप्प करायच्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत संगप्पा गेले. ताई पुन्हा कामावर आल्या, काम पहिल्यासारखंच चोख करू लागल्या. फक्त कुठं शहाबादी फरशी उतरत असली की त्या उन्हात उगाच रेंगाळायच्या. पाणी मारलेली फरशी वाळताना एक वास येतो, तोच संगप्पांच्या शर्टाला असायचा, एवढं एकदा बोलल्या.

पुढे एका ट्रस्टनं दवाखान्याशेजारी धर्मशाळा बांधायला काढली. गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना टेकायला जागा हवी, म्हणून आर्किटेक्ट अनीश यांनी समोर लांबरुंद व्हरांडा काढला होता. फरशी कुठली घ्यावी, असं त्यांनी विचारलं तेव्हा ताई लगेच म्हणाल्या, "शहाबादी." लोक तिथं बसणार, झोपणार, उन्हाळ्यात ती गार राहते. अनीशना पटलं आणि करारात तसं लिहिलं गेलं. बदल करायचा झाला तर आर्किटेक्टची लेखी मंजुरी आधी घ्यायची, हेही त्यात होतं.

ठेकेदार होते करकंबचे बिभीषणभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. एका सकाळी आम्ही गेलो तर व्हरांड्याच्या कोपऱ्यात चकचकीत टाइल्स बसवणं सुरू होतं.

"हे कुणाला विचारून?" ताई म्हणाल्या.

"ताई, लई फिरलो. पाहिजे तशी फरशी कुटंच न्हाय. खाणीत पाणी भरलंय म्हणत्यात. करारात 'किंवा त्याच तोडीची' असं लिवलंय की."

"तोडीची आहे की नाही, ते बसवायच्या आधी ठरवायचं असतं भाऊ. इथं बायका ओले कपडे पिळतील, लेकरं पळतील. यावरनं कुणी घसरलं तर?"

बिभीषणभाऊंनी टाइल्सकडं पाहिलं आणि काम थांबवलं. "मग काय बसवू ते तरी सांगा. माझी माणसं बसून हायेत."

ताईंनी थोडी मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दुधनीच्या पुढे, कर्नाटकात, सिद्धलिंगप्पांच्या खाणीवर गेल्या. संगप्पा कायम यांच्याकडूनच माल उचलायचे. खाणीत खरंच हिरवं पाणी साचलं होतं. संगप्पा ज्या थरातली फरशी नेत, तो थर तर त्याआधीच संपला होता. सिद्धलिंगप्पांनी शेजारच्या खाणीतला माल दाखवला. रंग अगदी तोच, राखाडी, मधूनच निळसर झाक. ताई खाली वाकल्या आणि कितीतरी वेळ एका फरशीवर हात फिरवत राहिल्या. कडेला बोट लागलं तसा एक पापुद्रा सुटून आला.

"अक्का, हा माल अंगणात चालेल," सिद्धलिंगप्पा कानडीत म्हणाले. ताईंनी मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. ते पुढे म्हणाले, "रोज धुवायच्या जागी टिकणार नाही. संगप्पा असता तर त्यानं उचलला नसता."

तरी निघताना ताईंनी दोन फरश्या गाडीत ठेवून घेतल्या.

परतीच्या वाटेवर अक्कलकोट मागे पडलं तशा म्हणाल्या, "अंकिता, मी हा माल मंजूर करणार होते. पापुद्रा हातात होता, तरी."

"मग?"

"मला तिथं ती फरशी बघायची आहे गं. येता-जाता दिसावी, पाय ठेवावा. यात तिथं राहणाऱ्या लोकांचं काय?"

त्यांनी गाडीतूनच अनीशना फोन लावला. लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, "सर, या बाबतीत माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे. माझे मिस्टर हीच फरशी विकायचे. नमुने मी आणते, निर्णय तुम्ही घ्या."

अनीश पुण्याहून आले. शहाबादी, टाइल आणि पॉलिश न केलेला हिरवट कोटा दगड, तिन्ही नमुने पाण्यात भिजवून, उन्हात तापवून, त्यांवर ओल्या पायांनी चालून बघितले. टाइल घसरत होती, शहाबादीचे पापुद्रे सुटत होते. कोटा ठरला. नकाशात दुरुस्ती झाली, बदलाचं कारण लिहिलं गेलं, ट्रस्टनं आणि बिभीषणभाऊंनी सह्या केल्या. त्यानंतरच नवा माल आला. आलेली प्रत्येक गाडी ताईंनी मंजूर नमुन्याशी ताडून घेतली. शहाबादी नाही म्हणून एकाही फरशीत उगाच खोट काढली नाही.

धर्मशाळा वेळेवर सुरू झाली. उन्हाळ्यात आम्ही पाहणीला गेलो तेव्हा दुपारची माणसं व्हरांड्यात आडवी झाली होती. केम गावच्या रंभाबाई नावाच्या म्हातारबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आत अ‍ॅडमिट होता.

"बसा की बाई," त्या ताईंना म्हणाल्या. "लई गार हाय हितं. रातच्याला बी झोप लागतीया."

ताई चप्पल काढून त्यांच्याशेजारी बसल्या. तळवे त्या हिरवट दगडावर टेकवले. रंभाबाई मुलाच्या तब्येतीचं सांगत होत्या, ताई हुंकार देत होत्या. मग ताईंनी सवयीनं पर्समधून फोन काढला, नाव शोधायला बोट वर-खाली फिरवलं आणि थांबल्या.

"काम चांगलं झालं की मला अजून ह्यांना फोन करावासा वाटतो," त्या मला म्हणाल्या. फोन पर्समध्ये ठेवला नाही. हातात धरून, रंभाबाईंचं बोलणं ऐकत तशाच बसून राहिल्या.