उलट्या आट्यांची वाटी

अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या सायकलच्या दुकानातला तो म्हातारा मेकॅनिक शिकवताना स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहायचा. ऐंशीच्या दशकात, युनिव्हर्सिटीत असताना, मी तिथे नवी सायकल जोडायला घेतली. पेडलच्या दांड्यांचा आस सायकलच्या सांगाड्यात बसतो तिथले आटे इटालियन घ्यावेत की इंग्लिश, हेच माझं ठरेना.

“इटालियन चालवता चालवता सैल होतात, लक्ष ठेवावं लागतं,” तो म्हणाला. “तुझा सुट्या भागांचा डबा तीन दिवस इथेच पडलाय. इंग्लिश घे.”

इंग्लिशची उजवी वाटी, म्हणजे आस धरून ठेवणारं आट्यांचं कडं, उलटी फिरवून बसवतात; मला ते माहीत नव्हतं. मी बराच वेळ सुलटी फिरवत बसलो. तो मागे गुणगुणत उभा होता, पण पान्याला त्याने हात लावला नाही.

परवा मुलीने सायकल जोडायला घेतली आणि तीच वाटी सुलटी फिरवू लागली. माझे हात आपोआप पाठीमागे गेले.